बॅलीहॉनिसला या: डब्लिनमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

लुकन, स्वोर्ड्स, सिटीवेस्ट आणि डब्लिनच्या आसपास राहणाऱ्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एकांकडे सत्यनारायणाच्या पूजेला आले होते. प्रसाद झाल्यावर नेहमीसारखा विषय भाड्यावर आला. दोन खोल्यांच्या घराला महिना दोन हजार युरोच्या वर, घरमालक विकायचं म्हणतोय, मुलाची शाळा बदलावी लागणार. त्याच घोळक्यात एक दादा म्हणाले की नोकरी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं स्वतःचं काम सुरू करायचंय. एका वहिनींना मसाल्यांचा व्यवसाय वाढवायचा होता, पण स्वयंपाकघर भाड्याने घ्यायला परवडत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे या. त्यावर वहिनींनी सरळ विचारलं, "अगो, पण तुझ्या त्या गावात येऊन करायचं काय?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. परतीच्या गाडीत अथलोन ओलांडेपर्यंत मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होते. ती सगळी आता लिहून काढते.

बॅलीहॉनिस हे आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, अडीच-तीन हजार वस्तीचं गाव. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची गाडी पकडली की अडीच-पावणेतीन तासांत इथे उतरता येतं. माझं ऑफिस मेन स्ट्रीटवरच्या एका जुन्या कापडाच्या दुकानात आहे. मी घेतलं तेव्हा दुकान बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यातला लाकडी काउंटर मी काढला नाही. त्याच्या कडेला कापड मोजायला पितळी खिळे ठोकलेत. पहिल्या खिळ्यापासून पाव यार्डावर एक, अर्ध्यावर एक, पुऱ्या यार्डावर एक. खिळ्यांची डोकी झिजून सपाट झालीत आणि त्यांच्यामधलं लाकूड हात फिरून फिरून खोलगट झालंय. मालकीणबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहिल्या दिवशी किल्ली द्यायला आल्या तेव्हा त्यांनी त्या खोलगट जागेवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, शनिवारी इथे उभं राहायला जागा नसायची. पाच भावंडांतली चार इंग्लंडला गेली. ख्रिसमसला ती यायची, म्हणून वडील कोटाचं चांगलं कापड आधीच बाजूला काढून ठेवायचे.

मी कुडाळजवळच्या खेड्यातली. मला हे नवीन नव्हतं. आमच्या वाडीतली बावीसपैकी नऊ घरं फक्त गणपतीला उघडतात. चाकरमानी येतात, कौलं शाकारतात, आरत्या होतात आणि अनंतचतुर्दशीनंतर पुन्हा कुलूप. मनीऑर्डरवर चाललेली घरं मी लहानपणी पाहिलीत. इथे इंग्लंड-अमेरिकेहून पाकिटात घालून पैसे यायचे, एवढाच फरक. मेयोची लोकसंख्या १८४१ मध्ये ३ लाख ८८ हजारांवर होती. मग बटाट्याचा दुष्काळ पडला, माणसं मेली, उरलेली जहाजात बसली आणि ती ओढ पुढे सव्वाशे वर्षं थांबलीच नाही. २०२२ च्या जनगणनेत मेयोत १ लाख ३८ हजार माणसं आहेत. सगळा आयर्लंड १८५१ नंतर प्रथमच पन्नास लाखांच्या पुढे गेला, पण आमच्या काउंटीत जुन्या वस्तीच्या निम्मीसुद्धा परत आलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सरकारने कारखाना आणावा. आयर्लंडने तो मार्ग मनापासून चोखाळलाय आणि त्याचं फळ तुम्ही-आम्ही खातोय, हे आधी मान्य करू. परदेशी उद्योग आणण्यासाठी आयडीए ही संस्था १९४९ मध्ये निघाली. अटलांटिक ओलांडणारी विमानं शॅनन विमानतळावर न थांबता पुढे जायला लागतील अशी भीती होती, तेव्हा तिथे १९५९ मध्ये करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आपल्यापैकी बहुतेक जण ज्या कंपन्यांच्या जोरावर या देशात आलो, त्या याच धोरणातून आल्या. आमच्या शेजारचंच वेस्टपोर्ट पाहा. १९७७ मध्ये अ‍ॅलर्गन ही औषध कंपनी तिथे आली, आज ती ॲबव्ही झालीय. जगभर वापरलं जाणारं बोटॉक्स या सहा-सात हजार वस्तीच्या गावात तयार होतं आणि हजारावर माणसं तिथे कामाला आहेत.

पण किलाला याच मेयोत आहे. तिथे त्याच दशकात जपानची असाही कंपनी ॲक्रिलिक धाग्याचा कारखाना घेऊन आली. शेकडो घरांचा पगार तिथून यायचा. १९९७ मध्ये कारखाना बंद झाला. एका गावाने किंवा एका पंचक्रोशीने आपली सगळी भाकरी एकाच चुलीवर टाकली की चूल विझताना काय होतं, ते त्या बाजूच्या लोकांना कुणी समजावून सांगायला नको.

शिवाय आजच्या मोठ्या कंपनीला हजारभर प्रशिक्षित माणसं, जवळ विद्यापीठ, मोटरवे, मुबलक पाणी आणि सांडपाण्याची सोय लागते. ती गॉलवेला जाईल, अथलोनला जाईल, फार तर स्लायगोला. अडीच हजार वस्तीच्या गावाने तिची वाट पाहत बसणं म्हणजे एसटी येणार म्हणून बंद पडलेल्या थांब्यावर उभं राहणं. मी वर्षानुवर्षं इथल्या सभांना जाते. "एक मोठा कारखाना हवा" हे वाक्य प्रत्येक सभेत येतं आणि दरवेळी टाळ्या घेतं. माझं मत वेगळं आहे. आमच्या गावाला प्रत्येकी पाच-सहा माणसांच्या वीस कंपन्या हव्या आहेत. त्यातल्या दोन बुडाल्या तरी गाव बुडणार नाही. आणि अशा कंपन्या काढू शकणारी माणसं मला त्या दिवशी सत्यनारायणाच्या पंगतीत दिसली, म्हणून हे पत्र आयडीएला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

लहान गावात मोठं काम उभं राहत नाही, असं वाटत असेल तर केरीमधलं किलॉर्ग्लिन आठवा. तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास. १९८१ मध्ये ब्रायन मॅकार्थी यांनी तिथे चलन बदलून देण्याचा व्यवसाय सुरू केला. तीच आजची फेक्सको. तिचा कारभार कितीतरी देशांत पसरला, पण मुख्यालय अजून किलॉर्ग्लिनमध्येच आहे. कॉर्कच्या पश्चिम टोकाला स्किबरीन आहे. दुष्काळात त्या गावच्या कबरस्तानात हजारो माणसं खड्ड्यांत लोटली गेली. तिथल्या लोकांनी २०१६ मध्ये एका जुन्या बेकरीच्या इमारतीत वेगवान इंटरनेट आणलं आणि 'लडगेट हब' ही एकत्र बसून काम करायची जागा उघडली. पर्सी लडगेट हा त्याच गावी जन्मलेला माणूस. त्याने १९०९ मध्ये यांत्रिक गणकयंत्राचा आराखडा मांडला होता. आपल्याच गावच्या विसरलेल्या माणसाचं नाव त्यांनी पाटीवर लावलं, हे मला फार आवडलं.

आणि आमच्या अगदी जवळचं म्हणजे नॉकचा विमानतळ. जेम्स होरान हे तिथले धर्मगुरू. त्यांनी डोंगरावर विमानतळ बांधायचं काढलं तेव्हा डब्लिनमध्ये "धुक्यातला, दलदलीतला डोंगर" म्हणून हेटाळणी झाली. सरकार बदललं, पैसे आटले. होरान यांनी लॉटरी काढली, देशोदेशीच्या मेयोकरांपुढे हात पसरला आणि ३० मे १९८६ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. दोन महिन्यांनी ते वारले. हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. सुरुवातीच्या वर्षांत याच धावपट्टीवरून मेयोची पोरं लंडनला गेली. आपल्याकडे कोकण रेल्वे आली तेव्हाही असंच झालं. मुंबई जवळ आली, पण गावं त्यामुळे लगेच भरली नाहीत. रस्ता, रेल्वे, विमान दोन्ही दिशांना चालतं. कुणीतरी उलट्या दिशेने यायचं ठरवावं लागतं.

बॅलीहॉनिसला तसं एकदा कुणीतरी आलं होतं. १९७० च्या दशकात मूळचे पाकिस्तानचे शेर रफिक इथे आले आणि त्यांनी हलाल मांसाचा कारखाना चालवला. माल परदेशात जायला लागला. कारखान्यासाठी पाकिस्तान, सीरियाकडची माणसं आली, आणि १९८७ मध्ये इथे मशीद बांधली गेली. तेव्हा डब्लिनबाहेर अशी खास बांधलेली मशीद आयर्लंडमध्ये नव्हती. पुढे पूर्व युरोपातून लोक आले, निर्वासित कुटुंबं आली. जनगणनेत देशातलं सर्वाधिक बहुरंगी गाव म्हणून आमचं नाव यायला लागलं. रफिक यांचा कारखाना आता दुसऱ्यांकडे आहे, पण मांस आणि कोंबडीच्या कारखान्यांवर आजही गावातली कितीतरी घरं चालतात. मला मात्र आमच्या आंब्याच्या बागा आठवतात. कोकणातली पोरं मुंबईला आणि बागेत राखणीला नेपाळी कुटुंब. इथेही गावची मुलं कॉलेजला गॉलवे-डब्लिनला जातात आणि परतत नाहीत, कारण परतून करायचं काय, तर कापणीच्या लाइनवर उभं राहायचं. त्या कामाला मी कमी लेखत नाही. थंडगार शेडमध्ये पहाटेपासून सुरी चालवणाऱ्या माणसांचे कष्ट मी जवळून पाहिलेत, कारण माझी इथली पहिली नोकरी अशाच एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात होती. पण शिकलेल्या मुलीला परतायला दुसरं काही नसेल, तर ती परतणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कधी आमच्या स्टेशनवर या. डब्लिनची गाडी लागते, पाठीवर पिशव्या घेतलेली पोरं उतरतात, बाहेर आया गाड्या चालू ठेवून बसलेल्या असतात. रविवारी तीच मुलं धुतलेले कपडे आणि डबे घेऊन परत चढतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून नारळाची पिशवी आत दिली जाते, अगदी तसंच दृश्य.

माझ्या कंपनीत आज चार जण आहोत. आम्ही छोट्या खाद्यउत्पादकांचे लेबल आणि गुणवत्तेचे कागद करून देतो. इथे शेतावर चीज करणारे, सॉसेज करणारे, घरी केक करून विकणारे बरेच आहेत. युरोपच्या नियमाप्रमाणे चौदा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणू शकणारे पदार्थ, लेबलवर ठळक दाखवावे लागतात. मोहरी त्यात येते, तीळ येतात, सेलरी ही भाजी येते. सेलरीची पूड मसाल्यातून शिरली आणि लेबलवर आली नाही, तर अख्खा माल दुकानांतून परत बोलवावा लागतो. हे काम बसून करायला डब्लिन लागत नाही. आमच्यातली एक मुलगी याच गावची. रोज गॉलवेला ये-जा करायची, सकाळी काळोखात निघून रात्री काळोखात परत. आता ती चालत येते आणि दुपारी आईला जेवायला घालून येते. दुसरा तरुण सीरियन घरातला, गॉलवेत शिकलेला. तिसरे एक निवृत्त हिशेबनीस, आठवड्याचे दोन दिवस. चार पगार म्हणजे काही फार नव्हे. पण माझ्यासमोरच्या सँडविचवाल्याला विचारा की रोजची चार गिऱ्हाइकं म्हणजे काय.

आता सोय काय आणि अडचण काय, ते सांगते.

गावाभोवतीच्या विखुरलेल्या घरांसाठी राष्ट्रीय ब्रॉडबँड योजनेत फायबर टाकण्याचा करार नोव्हेंबर २०१९ मध्ये झाला. देशभरातली साडेपाच लाखांवर घरं-दुकानं त्यात येतात. ठिकठिकाणच्या वर्क हबचं जाळं साडेतीनशेच्या पुढे गेलंय. घरून काम मागण्याचा हक्क २०२३ च्या कायद्याने दिला आणि मार्च २०२४ मध्ये त्याची नियमावली आली. मालक नाही म्हणू शकतो, पण अर्जाचा विचार करून कारणासह उत्तर द्यावं लागतं. घरून कामाचं राष्ट्रीय धोरण जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केलं ते तेव्हा उद्योगमंत्री असलेल्या लिओ वराडकर यांनी. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. चाकरमान्यांच्या मुलखात मूळ असलेल्या माणसाने "काम घेऊन गावी जा" असं सरकारी कागदावर आणावं, याचं मला सिंधुदुर्गकर म्हणून मनापासून अप्रूप आहे.

घरांच्या किमती डब्लिनच्या निम्म्याहून कमी आहेत. दोन वर्षांहून जास्त रिकाम्या पडलेल्या, २००७ पर्यंत बांधलेल्या घराच्या दुरुस्तीला ५० हजार युरोपर्यंत अनुदान मिळतं, पडझड झालेलं असेल तर ७० हजारांपर्यंत. पण खर्च आधी तुम्ही करायचा आणि पाहणी झाल्यावर पैसे हातात येतात, हे लक्षात ठेवून बँकेशी बोला. यात आमची एकदा चांगलीच ओढाताण झाली. दहा माणसांपर्यंतच्या व्यवसायाला प्रत्येक काउंटीचं लोकल एंटरप्राइज ऑफिस मदत करतं. त्यांचा 'स्वतःचा व्यवसाय सुरू करा' हा वर्ग मी संध्याकाळी केला. हिशेब कसा मांडायचा ते तिथेच शिकले.

व्हिसाचं नीट बघा. क्रिटिकल स्किल्स या कुशल कामगारांच्या परमिटवर असताना स्वतःचा धंदा करता येत नाही. जोडीदाराला मिळणाऱ्या स्टॅम्प वन-जी या निवास परवान्यावर नोकरी करता येते, धंदा नाही. सुमारे दोन वर्षांनी स्टॅम्प फोर हा परवाना मिळाला की नोकरी-धंद्याला मोकळे. तोवर तिकडची नोकरी इकडून करा आणि धंद्याची तयारीही इकडे बसून करा.

अडचणी खऱ्या आहेत. पाळणाघरात जागा मिळायला आम्हाला चौदा महिने लागले. ते दिवस मी धाकट्याला काउंटरमागे झोपवून काढले. फॅमिली डॉक्टरांची यादी भरलेली असते. मोटार चालवता आलीच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत साडेचार-पाचला अंधार पडतो, पाऊस आडवा येतो आणि गप्पा मारायला मराठी माणूस नसतो. पहिला हिवाळा मी रडत काढलाय. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये आपल्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा आईने फोनवर विचारलं, तिकडे लहान गावात तर आणखी भीती नाही ना? मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. वाईट बोलणारा माणूस इथेही भेटतो. पण या गावाने पन्नास वर्षं परक्या नावाची मुलं शाळेत पाहिलीत. हर्लिंग या इथल्या काठी-चेंडूच्या खेळाच्या संघात ती खेळतात आणि मैदानाच्या कडेने म्हाताऱ्या बायका त्यांच्या नावाने ओरडतात. माझ्या थोरल्याचं नाव आता त्या बरोबर उच्चारतात.

दोन गोष्टी हात जोडून मागते. स्वस्त मिळतंय म्हणून घर घेऊन सुट्टीपुरतं उघडू नका. कुलूपबंद घरांची कमी आम्हाला नाही. आणि मुलं इथल्याच शाळेत घाला. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांची संख्या पटावर ठरते आणि पट आदल्या सप्टेंबरच्या तीस तारखेला मोजला जातो. दोन कुटुंबांची चार मुलं कमी पडली म्हणून एक शिक्षिका जाते आणि दोन वर्ग एका खोलीत बसतात. तीच चार मुलं आली तर ती राहते.

मेयो काउंटी कौन्सिलच्या आणि आयडीएच्या लोकांपर्यंत हे पत्र कुणी पोचवलं तर त्यांनाही एवढंच सांगा. मोठ्या कारखान्यासाठी शेड बांधून ठेवण्याआधी मेन स्ट्रीटवरच्या रिकाम्या दुकानांच्या वर राहायला जागा करा, पाळणाघराला जागा द्या. कमी पगारामुळे बाया पाळणाघरातली नोकरी सोडतात, त्याचं काहीतरी करा. चार माणसांची कंपनी पाळणाघराअभावी बंद पडते, ही गोष्ट कुठल्याच अहवालात येत नाही.

त्या दादांना आणि वहिनींना आता उत्तर देते. माझ्या ऑफिसच्या मागची खोली रिकामी आहे. पूर्वी तिथे कापडाचे तागे असायचे, भिंतीला फळ्या तशाच आहेत. दोन टेबलं मावतात, फायबर आहे, खिडकी मागच्या अंगणात उघडते. सहा महिने भाडं नको, विजेचे पैसे तेवढे द्या. मसाल्यांसाठी गावातल्या एका हॉलचं स्वयंपाकघर सोमवार ते गुरुवार रिकामं असतं. तिथल्या बाईंशी मी बोललेय, त्यांना फक्त ओव्हन नीट साफ झालेला हवा. लेबल मी करून देईन. येताना शनिवार-रविवारचं या, मुलांना घेऊन या, म्हणजे शाळा बाहेरून तरी बघता येईल. माझ्याकडे कुळथाची पिठी आहे आणि सोलं आईने मेमध्ये पाठवलीत.

गाडीत बसलात की फोन करा. स्टेशनवर मी येते.

तुमची,
बॅलीहॉनिसमधली एक सिंधुदुर्गकर